पहिला मासा चढेपर्यंत

माझ्या मोठ्या मुलाला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. हे त्याच्यातलं व्यंग आहे आणि आई असल्यामुळे ते मला सगळ्यांत आधी कळलं. खोटं बोलायचं ठरवलं की त्याचे कान लाल होतात, मग तो समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागतो आणि शेवटी कोणी काही विचारायच्या आत स्वतःच सगळं सांगून मोकळा होतो. लहानपणी घरात बरणी फुटली की मी दोन्ही मुलांना समोर उभं करायची आणि फक्त कानांकडे बघायची. धाकटा फोडून नामानिराळा राहायचा आणि हा न फोडताच लाल व्हायचा, कारण कुणी फोडली ते त्याला माहीत असायचं.

तो फ्रीज दुरुस्त करतो. घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली हे त्याचं वर्कशॉप. तिथे दारं नसलेले फ्रीज आणि फ्रीज नसलेली दारं भिंतीला टेकून उभी असतात, खिळ्यांना रबरी पट्ट्या लोंबतात आणि कितीही झाडलं तरी तांब्याच्या नळीचे तुकडे पायाला लागतात. आजारी फ्रीज आला की तो पेचकसाचं टोक कॉम्प्रेसरला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. मग डोळे उघडून तोंडावर सांगतो, "हा गेला."

माझी सून फोन घेते, सामान मागवते, गिऱ्हाइकांना थोपवून धरते. ती कपाळाला हात लावते. "अहो, आधी 'बघतो' म्हणावं. ठेवून घ्यावा, मग सावकाश सांगावं. एकदम 'गेला' काय? त्या बाईंचा चेहरा बघितलात का?"

चेहरा त्याने बघितलेला असतो. म्हणून तर तो त्या बाईंना स्टुलावर बसवतो, चहा मागवतो आणि त्यांच्या फ्रीजबद्दल त्यांना जे काही बोलायचं असेल ते सगळं ऐकून घेतो. कुणाला तो लग्नात मिळालेला असतो, कुणाच्या आजारी माणसाची औषधं त्यात राहिलेली असतात. त्याला घाई नसते. सुनेला तो लग्नाआधी पहिल्यांदा भेटला तेव्हा म्हणाला होता, "तुमचा आवाज चांगला आहे, पण गाणं जमलं नाही." ती हे अजून पाहुण्यांना सांगते आणि तो अजून आतून ओरडतो, "नव्हतंच जमलं!"

मित्र त्याला बर्फ्या म्हणतात. थोडं धंद्यामुळे, थोडं स्वभावामुळे. हे मित्र शाळेतले. पहिला बेकरीवाला, म्हणजे पाव्या. बापाची भट्टी त्याने चालवायला घेतली आणि स्वतःही पावासारखा फुगला. जिन्यात असला तरी स्वयंपाकघरात ऐकू येतो. दुसरा शहराच्या बसवर ड्रायव्हर आहे, आणि त्याला सगळे नुसतं ड्रायव्हर म्हणतात. तिसरा चित्रकलेचा शिक्षक. त्याला या लोकांनी चिडवायला म्हणून 'सर' म्हणायला सुरुवात केली, ती इतकी अंगवळणी पडली की आता त्याची बायकोही त्याला सरच म्हणते.

दर हिवाळ्यात समुद्र शांत झाला की हे चौघं बोट घेऊन आत जातात. बोट सरांच्या सासऱ्यांची. देताना ते दरवेळी बजावतात, "इंजिनाला जपा. जावई काय, पोहत येईल." किनारा एक रेघ होऊन जाईपर्यंत जायचं, खडकाळ तळ आला की नांगर टाकायचा आणि गरी सोडायची. गरी म्हणजे लांब दोरी, तिच्या टोकाला शिसं आणि गळ, गळाला आमिष. थंडीत मोठे मासे खाली खडकांच्या कपारीत बसतात म्हणे. शिसं तळाला टेकलं की दोरी हातभर वर ओढायची, बोटावर ठेवायची आणि खालून कुणी ओढतंय का याची वाट बघत थंडीत कुडकुडायचं. मासा दिसत नाही, तळ दिसत नाही, काहीच दिसत नाही. याला ते सुट्टी म्हणतात.

मला पोहता येत नाही आणि पाण्याबद्दल माझं मत मुळातच चांगलं नाही. ते गेले की मी दिवसभर दर थोड्या वेळाने गॅलरीत जाते आणि समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघते. कपडे हलत नसतील तर वारा नाही. सून म्हणते, "आई, त्या साड्यांना आता तुमची सवय झाली आहे."

तर या चौघांचा एक नियम आहे, आणि सगळं घडलं ते या नियमामुळे. पहिला मासा बोटीत चढेपर्यंत डबा उघडायचा नाही. घरूनही काही खाऊन निघायचं नाही, फक्त चहा. हा नियम पाव्याने केला. पहिल्या वर्षी जाताना वाटेतच सगळा डबा फस्त केला होता, मग बोट हलायला लागली आणि चौघांनीही खाल्लेलं सगळं समुद्राला परत केलं. मासा एकही मिळाला नाही. तेव्हापासून नियम, आणि पाव्या त्याचा पोलीस. एरवी त्याचा कुणाला त्रास नव्हता, कारण बोट नीट स्थिर होते न होते तोच कुणाच्या तरी गळाला काहीतरी लागायचं.

या हिवाळ्यात त्यांचं जायचं ठरलं आणि एका दुपारी पाव्याची बायको माझ्याकडे आली. एरवी ती पुढच्या दाराने हाका मारत येते. त्या दिवशी मागच्या जिन्याने आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पदर सावरत बसली.

"काकू, एक सांगायचंय. पण मी सांगितलं हे यांना कळता कामा नये. यांनी मला शपथ घातली आहे."

"काय झालं?"

"यांना साखर निघाली आहे. गोळ्यांनी भागलं नाही, आता सुई सुरू केली. रोज सकाळी. डॉक्टर म्हणाले, सुई घेतली की खायलाच हवं. नाही खाल्लं तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळायला लागतो. मग चटकन गोड द्यायचं. नाहीतर..."

"मग मित्रांना सांगायला काय हरकत आहे?"

"टेलरचं काय झालं बघितलंत ना? तेच यांच्या डोक्यात बसलंय."

टेलर हा त्यांच्यातलाच पाचवा. पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा या सगळ्यांनी अगदी प्रेमाने त्याला सांगितलं, तू आराम कर, आम्ही तुझ्या वाट्याचा मासा घरी आणून देऊ. आणि देतातही. पाठ कधीच बरी झाली, पण त्याला चल म्हणायचं कुणाला सुचलं नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही. आता तो दारात उभा राहून पिशवी घेतो, थँक्यू म्हणतो आणि दार लावतो.

"हे म्हणतात, मला पिशवीवाला व्हायचं नाही," पाव्याची बायको म्हणाली आणि रडायला लागली. "काकू, भाऊजींच्या कानावर घाला. त्यांनी फक्त लक्ष ठेवावं. तुम्हाला सोडून मी कुणाजवळ बोलले नाही."

रात्री जेवताना मी मुलाला सगळं सांगितलं. त्याने घास तोंडातच ठेवला.

"त्याला नेऊ नका तुम्ही," मी म्हणाले.

"नाही नेलं तर तो झुरून मरेल."

"आणि नेलं तर?"

"नेलं तर मी आहे ना." मग त्याने कालवलेला भात पुन्हा कालवला. "फक्त त्याच्यासमोर मला काही माहीत नाही असं वागायला लागेल."

सुनेने आणि मी एकमेकींकडे बघितलं.

"आत्ताच लाल झालेत," सून म्हणाली.

निघायच्या दिवशी उजाडायच्या आधीच तिघं आमच्या दारात हजर झाले. थंडी अशी होती की बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती, पाव्याच्या तोंडातून सगळ्यांत जास्त. त्याने ताज्या गोड बनांची पिशवी डब्यात कोंबली, सुनेने केलेली अंड्याची सँडविचेस त्यावर दाबली आणि झाकण लावून वर थाप मारली. "पहिला मासा चढेपर्यंत!" मी चहा दिला तर म्हणाला, "काकू, माझ्यात साखर नको. दाढ दुखतेय."

"कुठली?" सरांनी विचारलं.

पाव्याने उजवा गाल दाखवला. जरा वेळाने चहा पिताना तो डावा गाल धरून बसला होता. सर आणि ड्रायव्हर आपापल्या कपात बघत होते. माझ्या मुलाचे कान टोपीखाली होते म्हणून बरं. मी त्याच्या जॅकेटच्या खिशात मधाची छोटी बाटली सरकवली. त्याने माझा हात तसाच खिशात क्षणभर दाबून धरला आणि निघाला.

पुढचं मला ड्रायव्हरने सांगितलं, थोडं सरांनी, आणि माझ्या मुलाने अधूनमधून फक्त चुका दुरुस्त केल्या.

समुद्र इस्त्री केल्यासारखा होता. नेहमीच्या जागी नांगर टाकला, चौघांनी गऱ्या सोडल्या आणि वाट बघत बसले. काही नाही. आमिष बदललं. काही नाही. नांगर उचलून थोडं पुढे गेले, तिथेही काही नाही. पाव्याने पहाटे सुई घेतली होती. नेहमीसारखा पहिला मासा पटकन चढेल आणि कुणाला काही न कळता आपलं खाणं होईल, असा त्याचा हिशोब होता. ऊन वर आलं तरी कुणाच्या बोटाला साधा हिसकासुद्धा बसला नाही.

"मासे सुट्टीवर गेलेत," ड्रायव्हर म्हणाला. "चला रे, डबा उघडू."

"म्हणूनच तुझ्या बसला शिस्त नाही," पाव्या म्हणाला. "नियम आहे."

"माझ्या पोटात कळ येतेय पण," सर म्हणाले. "भुकेची."

"तुझ्या पोटात शाळेतही गणिताच्या तासाला कळ यायची."

"अरे, आपण काय वयाने लहान आहोत का? डॉक्टर म्हणतात, या वयात उपाशी राहू नये."

"कुठला डॉक्टर?" पाव्याने एकदम वळून विचारलं.

"असाच. टीव्हीवरचा."

पाव्या पुन्हा दोरीकडे वळला. नियम मोडायचा नाही, काही माहीत आहे हे कळू द्यायचं नाही आणि पाव्याच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे, या तिन्ही गोष्टी एकदम कशा जमवायच्या याचा माझा मुलगा इतका वेळ विचार करत होता. विचार करून त्याने जे काढलं, ते त्यालाच सुचू शकतं. मासाच चढवायचा!

आमिषाचे मासे त्याने आपल्याच वर्कशॉपमधल्या फ्रीजरमधून आणले होते, आणि बर्फाच्या पेटीत ते अजून दगड होते. सगळ्यांकडे पाठ करून त्याने त्यातला बरासा एक गळाला अडकवला, बोटीच्या पलीकडच्या बाजूने घाईघाईत जेमतेम पाण्याखाली सोडला आणि जरा थांबून ओरडला, "चढला!"

ड्रायव्हर म्हणतो, इतक्या दुःखी आवाजात मासा मिळाल्याची आरोळी त्याने जन्मात ऐकली नव्हती.

सगळे वळले. दोरीच्या टोकाला वीतभर मासा लोंबत होता, पट्टीसारखा सरळ, आणि शेपटीला बर्फ. सरांनी तो हातात घेतला आणि बोटीच्या काठावर आपटला. टक् टक् आवाज आला.

"बर्फ्या," सर म्हणाले, "हा सर्दीने गेलाय रे."

"खाली फ्रीज उघडा राहिला असेल!" ड्रायव्हर म्हणाला आणि हसता हसता खालीच बसला. "टोपी काढा त्याची, कान बघू!"

सगळ्यांत मोठ्याने हसायला हवा होता पाव्या. तो हसला नाही. त्या माशाकडे बघत राहिला आणि जड जिभेने म्हणाला, "हा ट्रे इथे कुणी ठेवला? भट्टी तापली नाही अजून."

सरांना वाटलं तो गंमत करतोय. माझ्या मुलाने त्याच्याकडे नीट बघितलं. "इतकी थंडी, आई," तो मला नंतर म्हणाला, "आमची नाकं गोठली होती आणि त्याच्या गळ्यावरून घामाची धार लागली होती. कॉलर भिजली होती."

"पाव्या, मी डबा उघडतोय."

"हात लावू नकोस! माझ्या दुकानातून बाहेर हो!" आणि पाव्याने त्याला अशी शिवी हासडली की ती ड्रायव्हरने मला सांगितली नाही. या माणसाने इतक्या वर्षांत माझ्या मुलाला बर्फ्याशिवाय काही म्हटलेलं नाही. शिवी देऊन तो उभा राहायला गेला. छोट्या बोटीत असं एकदम उभं राहायचं नसतं. बोट कलली, डबा घसरला, आणि ड्रायव्हरने मागून त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला खाली बसवलं.

त्याच क्षणी माझ्या मुलाने खिशातून मध काढला. सरांनी स्वेटरच्या आतून ग्लुकोजचं पाकीट काढून दातांनी फाडलं. ड्रायव्हरने एका हाताने पाव्याला धरून दुसऱ्या हाताने पँटच्या खिशातलं चपटं झालेलं चॉकलेट काढलं. तीन हात एकाच तोंडासमोर येऊन एकमेकांवर आपटले. ग्लुकोज उडालं आणि चौघांचे चेहरे पांढरे झाले. क्षणभर तिघं एकमेकांकडे बघत राहिले.

"नंतर," माझा मुलगा म्हणाला. "त्याचं डोकं धर."

पाव्या शुद्धीवर होता, गिळू शकत होता. माझ्या मुलाने बोटाने थोडा थोडा मध त्याच्या तोंडात घातला. "गीळ. हां. अजून. गीळ रे राजा." पाव्याने त्याचं बोट कडकडून चावलं. त्याने बोट काढलं नाही. सर मला म्हणाले, "काकू, आम्ही दोघं थरथरत होतो. हा मात्र असा बसला होता, जणू कुणाचा तरी फ्रीज उघडून बसलाय आणि त्याला दुसरं कामच नाही."

वेळ किती गेला ते तिघांनाही सांगता येत नाही. प्रत्येक जण वेगळं सांगतो. हळूहळू घाम थांबला, नजर जागेवर आली. पाव्याने ओठ चाटले.

"हे चिकट काय आहे?"

"मध."

"कुणी दिला?"

"आईने," माझा मुलगा म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंही नसेल.

पाव्याने मग मान वळवून सरांच्या हातातलं फाटकं पाकीट बघितलं. ड्रायव्हरच्या मुठीतलं चॉकलेट बघितलं. पिठात पडल्यासारखे तिघांचे चेहरे बघितले.

"तुला कुणी सांगितलं?" त्याने सरांना विचारलं.

"वहिनींनी. तुम्हाला सोडून कुणाजवळ बोलले नाही म्हणाल्या."

"मलाही तेच म्हणाल्या," ड्रायव्हर म्हणाला. "स्टॉपवर येऊन. बस भरलेली, मागचे हॉर्न वाजवतायत."

"तिला मी शपथ घातली होती!" पाव्या ओरडला, पण ओरडण्यात अजून दम नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो खरोखर चिडला. "म्हणजे तिघांनाही माहीत होतं, आणि सकाळपासून बसून माझा तमाशा बघत होतात?"

"तू लपवत होतास, म्हणून आम्हालाही लपवावं लागलं," सर म्हणाले. "माझी पोटदुखी काय हौसेची होती?"

माझा मुलगा डबा उघडत होता. त्याने सँडविच पाव्याच्या हातात दिलं आणि बोटं त्याच्या हाताभोवती मिटवली. "खा आधी."

पाव्याने खाल्लं नाही. त्याने माझ्या मुलाकडे बघून विचारलं, "आधीच सांगितलं असतं तर आणलं असतं का मला?"

ड्रायव्हर म्हणतो, त्या वेळी कुणीही 'हो' म्हणाला असता. माणूस आत्ताच मरता मरता वाचलाय, 'हो' म्हणायला काय जातं? त्याने माझ्या मुलाला पायाने ढोसलंही. पण विचारलं होतं ते नेमकं ज्याला खोटं येत नाही त्यालाच.

"नसतं आणलं," माझा मुलगा म्हणाला.

पाव्याने मान खाली घातली. हातातल्या सँडविचमधलं अंडं त्याच्या मांडीवर पडलं.

"तेव्हा नसतं आणलं," माझा मुलगा म्हणाला, "कारण काय करायचं ते माहीत नव्हतं. मी घाबरलो असतो. आता झालं ना एकदा, आता माहीत आहे. आता तुला सोडून कोण येणार? तू नसलास तर या दोघांचं भांडण मला एकट्याला ऐकावं लागेल. खा."

मग पाव्याने खाल्लं. दुसऱ्या घासाला तोंडात अन्न असतानाच म्हणाला, "पण मासा चढला नाही हं अजून. मी निषेध म्हणून खातोय." त्यावर ड्रायव्हरने तो गोठलेला मासा त्याच्या मांडीवर ठेवला.

ते लगेच परत फिरले. मी गॅलरीतच होते. संध्याकाळी येणारी माणसं भरदुपारी कोपऱ्यावर दिसली. मी आधी डोकी मोजली, मग पाव्या स्वतःच्या पायांनी चालतोय का ते बघितलं. चालत होता, आणि बोलतही होता. मी जिना उतरेपर्यंत तो वर्कशॉपमध्ये शिरला होता.

"काकू, मध संपला," तो म्हणाला.

सुनेने त्याच्या बायकोला फोन केला. ती ओल्या हातांनीच धावत आली. पाव्या एका दार नसलेल्या फ्रीजला टेकून स्टुलावर बसला होता. तिला बघून त्याने बसल्या बसल्याच आवाज चढवला.

"किती जणांना सांगितलंस तू?"

"तुम्ही किती जणांपासून लपवलंत?" ती म्हणाली. "तेवढ्यांनाच."

तिने त्याच्या केसांतलं ग्लुकोज पदराने पुसलं, जरा जास्तच जोरात, आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. पण खाऊन जाणार असेल, जवळ गोड असेल आणि सोबतच्यांना माहिती असेल तर जायला हरकत नाही, असंही सांगितलं. ते शेवटचं वाक्य पाव्याने ताबडतोब सगळ्यांना फोन करून कळवलं. खरडपट्टी आम्हाला त्याच्या बायकोकडून कळली.

माझा मुलगा चावलेल्या बोटाला पट्टी बांधून काही दिवस काम करत होता. त्याने साखर बघायचं यंत्र आणलं आणि जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःच्याच बोटांना टोचून शिकायला लागला. त्याचे हात मोठे, त्या बारीक पट्ट्या त्याच्या चिमटीतून सटकायच्या. मी म्हणाले, माझ्यावर शीक. तो नाही म्हणाला. "तू ओरडतेस." हे खरं आहे. तो स्वतःला टोचत होता तेव्हाही मी ओरडत होते.

हिवाळा संपायच्या आत ते पुन्हा निघाले. या वेळी माझ्या मुलाने फर्मान काढलं, पाव्याने आमच्याकडे यायचं, आमच्यासमोर सुई घ्यायची आणि आमच्यासमोर खायचं. पाव्या अंगभर कपडे घालून आला, खुर्चीत बसला आणि एकेक थर वर करत पोटापर्यंत पोचला. सुई बघताच ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रोज बसभर माणसं घेऊन शहराच्या गर्दीतून वाट काढणारा माणूस, पण सुई बघवत नाही.

"झालं का?" त्याने भिंतीला विचारलं.

"झालं. वळ."

सुनेने पाव्यासमोर बशी ठेवली. तो खायला लागला आणि तिघं त्याच्याभोवती उभे राहिले. त्याने चावलं की यांचे जबडे हलायचे, त्याने गिळलं की हे गिळायचे. माझ्या मुलाचे डोळे त्याच्या घशावर खिळले होते. मी ओट्याशी उभी होते, आणि खोटं कशाला बोलू, मीही तेच बघत होते.

"असं तोंडाकडे बघू नका रे," पाव्या म्हणाला. "घास अडकतो. काकू, तुम्हीसुद्धा?"

"आम्हाला भूक लागलीय," सर म्हणाले.

"मग खा की. कुणी धरलंय?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सरांनी डब्याचं झाकण उघडलं, ड्रायव्हरने आत हात घातला आणि माझ्या मुलाने खुर्ची पुढे ओढली. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. बोलायला कुणाचं तोंड रिकामं नव्हतं. बघता बघता डब्याचा तळ दिसला. सून पुन्हा अंडी फोडायला लागली.

पाव्या बोटं चाटत म्हणाला, "वहिनी, या वेळी जरा जास्तच भरा. मासे मिळतील याचा काही भरवसा नाही."